शर्लीच्या टीचर

रेजिना गेल्याचं मला तिच्या भावाने, पास्कलने, फोनवर सांगितलं. मी मेथी निवडत बसले होते. "सुमनताई, रेजी सकाळी उठलीच नाही," एवढंच तो बोलला. दुसऱ्या दिवशी बोरीवलीच्या चर्चमागे, त्यांच्या घराण्याच्या कबरीत, आईच्या जागेवर तिला ठेवलं. मूठभर माती मीही टाकली. जमलेली माणसं म्हणत होती, झोपेत गेली, सुटली. मला काही तसं म्हणवेना. रेजीला या कबरीत यायचंच नव्हतं. तिला तिच्या मुलाजवळ, जोएलजवळ जायचं होतं, आणि ते होणार नाही हे तिला गेली दोनेक वर्षं ठाऊक होतं.

अंधेरीच्या एका विमा कचेरीत आम्ही समोरासमोरच्या टेबलांवर नोकरीची सगळी वर्षं काढली. ती गावठाणातली, मी रस्त्यापलीकडच्या सोसायटीतली. घरी ती त्यांची बोली बोलायची, कचेरीत माझ्यासारखं, आणि साहेबाशी भांडताना दोन्हींची मिसळ व्हायची. जोएल बालवाडीत असताना नवरा निघून गेला. का गेला हे मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. पोराला तिने एकटीने वाढवलं. उंच, लाजरा, माझ्याकडचं थालीपीठ दारातच उभ्याने संपवून पळणारा मुलगा. गोरेगावला एका स्टुडिओत दिवे लावायच्या कामावर नुकताच लागला होता. ताप आला, डेंग्यू निघाला, आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. घराण्याच्या कबरीत त्याची आजी काही महिन्यांपूर्वीच गेली होती, इतक्यात ती उघडता येत नव्हती, आणि चर्चच्या आवारात दुसरी जागा नव्हती. म्हणून जोएलला शहरातल्या त्या जुन्या, अवाढव्य दफनभूमीत न्यावं लागलं.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी रेजी तिथे जायची, आणि बहुतेक वेळा मी तिच्यासोबत. वरच्या अंगाला इंग्रजांच्या काळातली थडगी आहेत, संगमरवराची, लोखंडी कठडे असलेली. पंख तुटलेले देवदूत, बाळंतपणात गेलेल्या कोवळ्या बायका, बोटीवर आजारी पडलेले खलाशी... त्यांची नावं इतकी वर्षं ऊनपाऊस खाऊनही वाचता येतात. खाली उतरलं की आपल्या माणसांची दाटी. लाकडी क्रूस, त्यांवर पत्र्याच्या पाट्या, मध्ये धड पाय ठेवायला जागा नाही. रेजी ओल्या फडक्याने क्रूस पुसायची, ॲस्टरची फुलं वाहायची आणि मेणबत्ती लावून जोएलशी बोलत बसायची, मामाने स्कूटर विकली, शेजारची लग्न करून गेली, असलं काहीही. मी जरा लांब उभी राहायची. माझे यजमान जोएलच्या आदल्या वर्षी गेले होते. आमच्यात एकदा अस्थी पाण्यात सोडल्या की माणसाला भेटायला जायचं असं ठिकाणच उरत नाही. खरं सांगायचं तर मला रेजीचा हेवा वाटायचा.

पण तिची जागाही कायमची नव्हती. तिथे कायमची कबर आता कुणाला मिळत नाही. दोनेक वर्षांनी घरच्यांसमोर कबर उघडून अस्थी काढून देतात, त्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायच्या, आणि ती जागा दुसऱ्या कुणाला. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मुदत भरत आली तसं पास्कलने समजावलं, फादरांनी समजावलं, मीही सांगून पाहिलं. ती ऐकेना. "एकदा मातीत घातलाय ना मी त्याला? आता हाडं बघायला नाही जायची मी," ती म्हणाली. "वर कुणाला ठेवायचं ते ठेवू देत. तो खाली राहील, झोपलेला." हे तिने आपल्या मनानेच ठरवून टाकलं होतं.

मग एका शनिवारी आम्ही गेलो तर जोएलचा क्रूस नव्हता. तिथे पांढऱ्या रंगाचा नवा क्रूस होता आणि त्यावर एका मुलीचं नाव. खरं नाव मी लिहीत नाही, तिला शर्ली म्हणू. शेजारी एक बाई बसली होती, आमच्याहून लहान, मातीतले खडे एकेक वेचून बाजूला टाकत. रेजी हातात फुलं घेऊन तशीच उभी. बाईने वर पाहिलं.

"तुम्ही शर्लीच्या टीचर ना?"

मला वाटलं, आता रेजी फुटणार. ती हळूच म्हणाली, "हो." आणि खाली बसून तिने ती फुलं त्या मुलीच्या क्रूसापाशी ठेवली. बाई रडत रडत बोलत राहिली. शर्ली कॉलेजात होती, चित्रं छान काढायची, रस्ता ओलांडताना गाडीने... रेजी मान हलवत ऐकत होती, जणू ती मुलगी खरंच तिच्या वर्गात बसून गेली होती. परतीच्या वाटेवर मी विचारलं, का गं खोटं बोललीस? "मग काय सांगू तिला? तुझी पोरगी माझ्या पोराच्या अंगावर ठेवलीय म्हणून?" एवढं म्हणून ती बोरीवली येईपर्यंत बाहेर बघत राहिली.

त्यानंतर ती बाई दर पहिल्या शनिवारी भेटायचीच, त्यामुळे रेजीला टीचर होऊनच जावं लागे. शर्लीसाठी प्रार्थना म्हणायची, शर्लीच्या लहानपणच्या गोष्टी ऐकायच्या. एकदा बाईने विचारलं, वर्गात कशी होती हो ती? रेजी म्हणाली, उंच होती, लाजरी होती, खाताना घाई फार करायची... मी तोंड फिरवलं. बाईला त्यात तिची मुलगी दिसली की काय कोण जाणे, ती हसली. जोएलचं नाव मात्र रेजीला तिथे पुन्हा कधी मोठ्याने घेता आलं नाही. "मनातल्या मनात हाक मारते," ती मला एकदा म्हणाली, "पण सुमे, त्याला कळत असेल का गं? मेणबत्ती तर दुसरीच्या नावाने लावते मी." त्या दोन वर्षांत ती वाळत गेली. डॉक्टर हृदयाचं दुखणं म्हणाले. असेल.

रेजी गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी एकटी गेले. टीचर नाही आल्या का, बाईने विचारलं. मी सांगितलं तशी ती खूप रडली. शर्लीला आठवणारं एक माणूस कमी झालं, म्हणाली. मग सांगू लागली की शर्लीची मुदत भरलीय, पुढच्या आठवड्यात अस्थी काढायच्या आहेत, त्या दिवशी टीचरना बोलावणार होते, तुम्ही याल का? मी हो म्हटलं. रेजीच्या वतीने कुणीतरी जोएलजवळ उभं असावं, एवढंच माझ्या मनात होतं.

गेले. दोन माणसांनी खणलं, अस्थी वेचल्या, धुतल्या, पेटीत ठेवल्या. बाई पेटी छातीशी धरून कोनाड्याच्या भिंतीकडे गेली. मी मागे राहिले आणि त्यांतल्या वयस्क माणसाला विचारलं, याच्या खाली आधीचा एक मुलगा आहे, त्याला धक्का लागणार नाही ना? त्याने फावडं टेकवलं.

"खाली कोणी नाही, बाई. नवीन दफन करायच्या आधी आम्ही सगळं मोकळं करतो. न्यायला कोणी आलं नाही तर तिकडे अस्थींच्या विहिरीत जातं, सगळ्यांचं एकत्र."

त्याने हाताने कोपरा दाखवला. लोखंडी झाकण होतं, त्यावर वाळलेली पानं. नावं कुणाचीच नव्हती. म्हणजे शर्लीला ठेवलं त्या दिवशी जोएल तिथे नव्हताच... रेजी दोन वर्षं ओठ मिटून त्याला हाक मारत होती, ती रिकाम्या मातीला.

गेल्या रविवारी बोरीवलीच्या चर्चमागे गेले. पास्कलने आईच्या नावाखाली रेजीचं नाव कोरून घेतलंय, अक्षरं अजून पांढरी आहेत. मी मेणबत्ती लावली आणि बसले. सोसायटीतली भांडणं सांगितली, माझ्या गुडघ्याचं सांगितलं, पास्कलच्या नातवाचं सांगितलं. जोएल कुठे आहे ते मात्र मेलेल्या बाईलाही मला सांगता आलं नाही.