तांबेकाकांचे बावीस रकाने

सहादेव तांबे यांनी आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या. बेचाळिसाव्या वर्षापर्यंत दारू पिणं आणि त्यानंतर दारूविरुद्ध बोलणं. पोटापाण्यासाठी ते सरकारी छापखान्यात अर्जांचे नमुने जुळवत. त्यामुळे कोरा रकाना दिसला की दुसऱ्या कुणाचा जिलबी पाहून खुलावा तसा त्यांचा चेहरा खुले.

त्यांची दारू सुटली अठ्ठ्याऐंशी साली, भाईंदरच्या एका लहानशा व्यसनमुक्ती केंद्रात. तेव्हापासून, बरे होऊन घरी गेलेल्यांच्या गुरुवारच्या बैठकीत ते सव्वा तास भाषण करत. हे भाषण हीच आपली काठी, ती सुटली की आपण पुन्हा गुत्त्यात, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

चौऱ्याण्णव साली केंद्र चालवणाऱ्या सुचेताताई म्हणाल्या, "काका, आपलं काम कसं चाललंय, हे जरा पेशंटनाच विचारूया का?"

काकांनी दोन दिवसांत बावीस रकान्यांचा नमुना जुळवला. सर्वात वर नाव, सर्वात खाली सही. घरी जायच्या दिवशी पेशंटची पिशवी टेबलावर, पेशंट खुर्चीत आणि समोर चष्मा सावरत स्वतः काका. सदतीसच्या सदतीस जणांनी सगळं 'उत्तम' लिहिलं. महिनाभर आमटीला शिव्या घालणाऱ्याने तर आमटीपुढे 'अति उत्तम' लिहिलं!

"सगळं उत्तम आहे," सुचेताताई कागद चाळत म्हणाल्या, "मग गुरुवारी सहाच माणसं का येतात?"

त्या सहांतला एक दत्ताराम. भाईंदरजवळच्या मुर्धा गावचा गडी, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला. तो हसला. "काका, पिशवी तुमच्या टेबलावर हाय, नाव लिवून घेतलंय, वर तुमी बघत बसलाव. वाईट लिवलं तं सोडनार न्हाय, असंच वाटतं ना! अन् आमी बेवडे. खोटं बोलन्यात आमचा हात कोन धरनार?"

मग नाव गेलं, सही गेली, बाविसांचे तीन प्रश्न झाले: काय आवडलं, काय त्रास झाला, गुरुवारी का येत नाही. कोऱ्या चिठ्ठ्या बरे होऊन गेलेल्यांच्या घरी पाठवल्या; लिहून त्या केंद्राच्या दारातल्या बिस्किटाच्या डब्यात टाकायच्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या घरी सुचेताताई स्वतः गेल्या. काकांना डब्याजवळ फिरकायची बंदी झाली.

डबा उघडला. एकतीस चिठ्ठ्या, त्यांतल्या चोवीस काकांच्या भाषणावर! 'तेवढ्या वेळात गुत्त्यावर जाऊन परत येता येतं,' असं एकाने लिहिलं होतं. दुसऱ्याचं म्हणणं, 'काका पहिल्या घोटाचं वर्णन इतकं झकास करतात की घसा कोरडा पडतो.'

काका घरी आले ते पडेल चेहऱ्याने. "वैजयंता, ते भाषण काढून घेतील गं. सहा वर्षं मी त्याच्यावर उभा आहे."

"भाषणावर नाही, माझ्या डोक्यावर उभे आहात," वैजयंताबाई भाकरी थापत म्हणाल्या. "पहिल्या गुरुवारी तुम्ही गेलात, तेव्हा भाषण कोणी केलं होतं?"

काका आठवू लागले. भाषण कोणीच केलं नव्हतं. तेच रडत रडत बोलले होते आणि बाकीचे गप्प ऐकत होते. दुसऱ्या दिवशी ते प्यायले नव्हते.

पुढच्या गुरुवारी ते उभे राहिले, म्हणाले, "जय भीम. आज मी बोलणार नाही," आणि चहाच्या किटलीशी जाऊन बसले. हे वाक्य त्यांना सव्वा तासाहून जड गेलं. मग दत्ताराम खाकरला. "पगाराच्या दिवशी माझे पाय गुत्त्याकडं वलतात, काका."

सवयीने काकांचं तोंड उघडलं. त्यांनी त्यात बिस्कीट कोंबलं.

दत्ताराम वीस मिनिटं बोलला. मग दुसरा, मग तिसरा. घरी जाताना काकांनी स्वतःचे पाय तपासून पाहिले. ते मुकाट घराकडेच चालले होते.

तीन महिन्यांनी डबा पुन्हा उघडला. गुरुवारी आता एकोणीस माणसं येत होती आणि सगळ्यांची एकच तक्रार होती: काका करतात त्या चहात साखर फार. काकांनी एक चिठ्ठी खिशात घालून घरी नेली, बक्षीस मिळाल्यासारखी वाचून दाखवली.

"बघ, खरं लिहायला लागले!"

"साखरेचं मी सहा वर्षं सांगतेय," वैजयंताबाई म्हणाल्या, "पण माझ्याकडे डबा कुठे होता?"