शरणबसप्पांनी कोरलेला घोडा

मुरूमच्या सराफ गल्लीत फोटोंना चौकटी करायचं माझं दुकान आहे, आणि त्याला लागूनच शरणबसप्पांची खोली. ते ठसे कोरतात. देव्हाऱ्यात पुजायचे चांदीचे टाक ज्या पोलादी ठशावर पत्रा ठोकून काढतात, तो ठसा. उमरग्यापासून अक्कलकोटपर्यंतचे सोनार त्यांच्याकडून ठसे नेतात. काम सगळं उलटं. ठशात डावीकडं कोरलेलं पत्र्यावर उजवीकडं उमटतं. चाळीस वर्षं उलटं कोरून माणूस बोलायला मात्र सरळ, आणि त्या सरळपणापायीच मी एकदा घाबरून अर्धा झालो होतो.

त्यांची एक सवय होती. अर्थ कळल्याशिवाय ते रेघ मारत नसत. खंडोबाच्या पायाशी कुत्रा का, देवीच्या कुठल्या हातात काय, हे ठाऊक नसलं तर आधी जाणत्याला विचारून येत. "खूण म्हंजी बोलणं हाय," म्हणायचे. "न कळता बोललं की बडबड हुती."

सात वर्षांपूर्वी दिवाळीनंतर सोलापूरकडून एक गृहस्थ त्यांच्याकडं आला. गळ्यातली पदकं बनवून विकतो म्हणाला. मोबाइलवर त्यानं सोन्याच्या नाण्यांचे फोटो दाखवले. युरोपातल्या केल्ट नावाच्या लोकांची नाणी, दोन हजार वर्षांपूर्वीची. एका बाजूला माणसाचं डोकं, त्याचे केस लाटांसारखे वळलेले. दुसऱ्या बाजूला घोडा. पण असा घोडा आम्ही कुणी पाहिला नव्हता. पाय धडापासून सुटलेले, गुडघ्यांच्या जागी नुसते ठिपके, मान धनुष्यासारखी वाकलेली. पोटाखाली गाडीचं एकच चाक. आणि शेपटामागं तीन शेपट्यांचा भोवऱ्यासारखा काहीतरी आकार.

शरणबसप्पा त्या घोड्यावर लुब्धच झाले. "तुकडे तुकडे हाय, तरी पळायलाय बघा," मला म्हणाले. मग त्या गृहस्थाला विचारलं, "ह्या भोवऱ्याचा अर्थ काय?"

"अर्थ कशाला पाहिजे? आहे तसं काढा."

दहा-बारा दिवस ते त्या ठशांवर वाकून बसले. जेवायला बोलवायला महादेवीवहिनींना दोन-दोनदा यावं लागे. ठसे झाले, शिसाच्या चकतीवर उठवून बघितले, गृहस्थ घेऊन गेला. ती चकती शरणबसप्पांनी आपल्या गल्ल्याशेजारी ठेवून दिली. येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवत.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी मी पेपर उघडला आणि तो घोडा पहिल्याच पानावर. नळदुर्गजवळ ढाबा चालवणाऱ्या एका नवराबायकोला कुणीतरी गुप्तधनातली पुरातन सोन्याची नाणी म्हणून पितळेवर मुलामा चढवलेल्या चकत्या विकल्या होत्या. बाईनं अंगावरचे दागिने देऊन त्या घेतल्या होत्या. विकणारा धरला गेला होता. बातमीच्या शेवटी एक ओळ होती: ठसे बनवणाऱ्याचा शोध सुरू आहे.

मी पेपर घेऊन शेजारी गेलो. शरणबसप्पांनी भिंग लावून फोटो बघितला आणि भिंग खाली ठेवलं.

"कुणाला दाखवू नगा," मी म्हणालो. "शिसं वितळवून टाका. तुमचं नाव कुठंय त्यात?"

दोन दिवस खोली बंद राहिली. तिसऱ्या दिवशी वहिनी माझ्याकडं आल्या. "जेवंनात, झोपंनात. नुसतं म्हणतेत, त्या बाईचं सोनं माज्या हातानं गेलं." मी गेलो तर शरणबसप्पा सदरा घालून तयार, शिसाची चकती रुमालात बांधलेली. वहिनींनी कपाळाला विभूती लावली आणि कानडीत म्हणाल्या, "एनू आगंगिल्ला, होगरी." काही होत नाही, जा. मीही दुकान बंद करून निघालो. एकट्याला कसं जाऊ द्यायचं?

नळदुर्गच्या पोलीस ठाण्यात साहेबांच्या टेबलावर आठ-दहा चकत्या मांडलेल्या होत्या. बाजूला एक बाई भिंगातून बघत बसल्या होत्या. श्रावस्ती मॅडम, कॉलेजात इतिहास शिकवतात. साहेबांनीच त्यांना बोलावून घेतलं होतं.

"काय काम?" साहेबांनी विचारलं.

"ह्यो घोडा माजा हाय," शरणबसप्पा म्हणाले. "ठसे म्या कोरलेत."

नमस्कार नाही, प्रस्तावना नाही.

साहेब खुर्चीत पुढं सरकले. "तो धरलेला माणूस ठसेवाल्याचं नाव-गाव सांगायचं टाळतो, पण म्हणतो, ही सगळी कल्पना ठसेवाल्याचीच होती. जुन्या नाण्याची हुबेहूब नक्कल करून देतो, असं तुम्हीच त्याला सुचवलं."

शरणबसप्पांनी रुमाल टेबलावर ठेवला. त्याची गाठ सुटेना म्हणून ती मी सोडली. मॅडमनी शिसाची चकती घेतली, एका चकतीशेजारी धरली आणि भिंग लावलं.

"साहेब, ही हुबेहूब नक्कल नाहीच," त्या म्हणाल्या. "काका, घोड्याच्या मागं हे काय कोरलंय तुम्ही?"

"कवडी."

"फोटोत कवडी होती?"

"न्हाय. तिथं तीन शेपट्यांचा भोवरा हुता. मला त्येचा अर्थ लागंना. त्येला इचारलं तर त्यो सांगंना. न कळलेलं म्या कोरत न्हाय. मग आपली कवडी घातली. आई भवानीची खूण. त्येनं बघितलं बी न्हाय."

साहेबांनी चकती उचलून भिंगाखाली धरली. आपल्याकडं देवीच्या आराध्यांच्या गळ्यात असते तशी कवडी, मधली दातेरी चीर सुद्धा सुटलेली नव्हती.

"फसवायचं असतं तर यांनी रेघन् रेघ जुळवली असती," मॅडम म्हणाल्या. "केल्टांच्या नाण्यावर तुळजापूरची कवडी कोण घालेल? ही एक खूण बघितली की जाणकार लगेच ओळखेल, हे नाणं जुनं नाही." मग शरणबसप्पांकडं वळून त्या हसल्या. "आणि काका, खुद्द केल्टांनीही हेच केलं होतं. मूळ नाणं सिकंदराच्या बापाचं. त्यावर दोन घोड्यांचा रथ होता. केल्टांच्या कारागिरांनी ते बघून आपली नाणी पाडली, पण रथ सोडून दिला. घोडा एकच ठेवला, तोही आपल्या पद्धतीचा. रथाचं तेवढं चाक राहिलं."

"म्हंजी ते चाक रथाचं!" शरणबसप्पा एकदम बोलले. आपण कुठं उभे आहोत हे ते विसरलेच. "मला वाटलं सूर्य आसंल."

"तसंही म्हणणारे आहेत. घोडा आणि सूर्य त्यांच्याकडं पूज्य असावेत, असा अंदाज आहे. नक्की कुणालाच सांगता येत नाही. त्यांनी लिहून काही ठेवलं नाही."

"आन् त्यो भोवरा?"

"त्याचाही अर्थ कुणाला पक्का ठाऊक नाही."

शरणबसप्पांनी मोठा श्वास सोडला. "मग बरं झालं. मला एकट्यालाच कळंना, आसं न्हाय."

साहेब मोठ्यानं हसले, आणि ते हसू ऐकून माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. जबाब लिहून झाला तो साक्षीदार म्हणून. चकती पुराव्याला ठेवून घेतली. उठताना साहेब म्हणाले, "तुम्ही स्वतः आलात हे चांगलं केलंत. त्या बाईचे दागिने सापडलेत, कोर्टाच्या हुकमानं परत मिळतील."

हे ऐकलं आणि शरणबसप्पा खाली बसले. टोपी काढून तिनंच त्यांनी डोळे पुसले.

बाहेर आलो तर ऊन मी म्हणत होतं. समोरच्या टपरीवर त्यांनी भजी मागवली, संपवली, पुन्हा मागवली. तीन दिवसांची भूक. मग माझ्या फोनवरून घरी बोलले. वहिनींना एवढंच म्हणाले, "सोडलं की. संध्याकाळी भाकरीसंगं शेंगाचटणी कर." मुरूमच्या गाडीत माझ्या खांद्यावर डोकं टाकून ते असे घोरायला लागले की पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली. मी त्यांना उठवलं नाही.

पुढं कोर्टात त्यांची साक्ष झाली. त्या माणसाला शिक्षा झाली. ढाब्यावरची बाई एकदा नवऱ्याबरोबर मुरूमला येऊन गेली, महादेवीवहिनींची ओटी भरून गेली. श्रावस्ती मॅडम दरवर्षी शरणबसप्पांना कॉलेजात मुलांपुढं ठशांविषयी बोलायला बोलवतात. पहिल्या वर्षी शरणबसप्पा दहा मिनिटं नुसते फळ्याकडं बघत उभे राहिले. आता तासाची घंटा झाली तरी थांबत नाहीत, आणि मॅडमना चहाचं कारण सांगून त्यांना बाहेर आणावं लागतं.