डाहीबा अहिराणी बोलू लागल्या

सुंदराआक्का माझी आतेबहीण. लग्न होऊन ती अमळनेरकडच्या खेड्यातून सुरतेला आली, तेव्हा नवरा बन्सीलाल पांडेसऱ्यात डाइंग मिलमध्ये होता आणि खोलीला खिडकी नव्हती. पुढे त्याला कामरेजपलीकडे, उसाच्या शेतांमध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या लूमच्या शेडमध्ये काम लागलं आणि आक्काचं बिऱ्हाड पुन्हा खेड्यात आलं. खेडं गुजराती. निम्म्या बंगल्यांना कुलपं, कारण मालक अमेरिकेत. मागच्या गोठ्यांच्या खोल्या झालेल्या आणि त्यांत ओडिया, बिहारी, खानदेशी भाडेकरू. संध्याकाळी गावात गुजराती माणूस शोधावा लागतो, असं आक्का म्हणते. ती थोडं वाढवून सांगते.

घरमालकीण डाहीबा पटेल, ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. मुलगा हितेन न्यू जर्सीत. खोली देताना त्यांनी एकच अट घातली: लसूण शिजवायचा नाही. आक्काने मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी लसणाची चटणी कुटायला घेतली. डाहीबा काठी टेकत भांडायला आल्या. पण आक्काला गुजराती येईना, त्यांना आक्काची अहिराणी कळेना, त्यामुळे भांडण काही रंगेना. शेवटी आक्काने ‘बठा ना माय’ म्हणत पाट सरकवला आणि डाहीबा बसल्या. त्यांनी चटणी खाल्ली की नाही, यावर दोघी अजून वेगवेगळं सांगतात.

आक्काला बोलायला कुणीतरी हवंच होतं. बन्सीलाल यायचा तो यंत्रांच्या आवाजाने बधिर होऊन. चंचल आणि गोपाल ही मुलं गावच्या गुजराती शाळेत. आईने अहिराणीत हाक मारली की ती गुजरातीत ओ द्यायची. ‘हाई घर शे का टेसन?’ म्हणून आक्का कावायची आणि उरलेलं सगळं डाहीबांना सांगायची. भाजी निवडताना, अंगण झाडताना, त्यांच्या डोक्याला तेल लावताना. डाहीबा आधी नुसत्या मान हलवायच्या, मग हुंकार देऊ लागल्या आणि चार-पाच वर्षांत चक्क बोलू लागल्या. हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. आक्काच्या तर नाहीच. तिला वाटलं, आपल्याला गुजराती यायला लागली.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी हितेनभाईचा व्हिडिओ कॉल आला. आक्का बाजारात गेली होती. चंचलने फोन उचलून हातात दिला आणि ती खेळायला पळाली. डाहीबांनी चष्मा पुसून मुलाकडे पाहिलं.

‘‘कितला दुबया व्हयी गया रे तू! जेवना का नही?’’

हितेनभाईने फोन डोळ्यांजवळ आणला. मग हळूच गुजरातीत म्हणाला, ‘‘बा, काय म्हणालीस?’’

‘‘मी म्हनस, जेवना का?’’

त्याने बायकोला हाक मारली. ती म्हणाली, ‘‘अरे, झटका आलाय! जीभ वळत नाही त्यांची!’’ लगेच कामरेजच्या ओळखीच्या माणसांना फोन गेले आणि थोड्याच वेळात डॉक्टर हर्षदा पाटील बॅग घेऊन दारात हजर. फोन झोपाळ्यावर उभा करून ठेवला. न्यू जर्सीहून नवरा-बायको डोळे फाडून बघत होते.

हर्षदाने ब्लड प्रेशर पाहिलं, दोन्ही हात वर करायला लावले, हसायला सांगितलं. सगळं ठीक. मग पेन पुढे धरून गुजरातीत विचारलं, ‘‘बा, हे काय आहे?’’

डाहीबा वैतागल्या. ‘‘पेन शे. माले काही नही व्हयनं. त्या येडाले सांग!’’

हर्षदा थबकली. तिचा जन्म सुरतेचा, पण वडील शिरपूरकडचे. घरात आजी असंच बोलायची आणि मैत्रिणींसमोर हर्षदाला त्याची लाज वाटायची. आता तिच्या तोंडून आपोआप निघालं, ‘‘तू कोन्ता गावनी वं माय?’’

‘‘ह्याच गावनी!’’

‘‘डॉक्टर!’’ फोनमधून हितेनभाई ओरडला. ‘‘तुम्हाला काय झालं?’’

मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, ‘‘संसर्गाचं आहे का?’’

हर्षदाला हसू आवरेना, त्यामुळे समजावून सांगायला वेळ लागला. तेवढ्यात आक्का परतली, डॉक्टरांना पाहून पिशवी टाकून किंचाळली, ‘‘काय व्हयनं मनी मायले?’’

‘‘काही नही. वांगा दखाड,’’ बाजारच्या पिशवीकडे हात करत डाहीबा म्हणाल्या.

हितेनभाईचा जीव भांड्यात पडला आणि मग त्याला राग आला. ‘‘बा, त्या बाईला तुझ्याशी गुजरातीतच बोलायला सांग.’’

डाहीबांनी फोन जवळ ओढला आणि स्वच्छ गुजरातीत म्हणाल्या, ‘‘तुझा मुलगा माझ्याशी इंग्रजीत बोलतो, तेव्हा मी डॉक्टर बोलावला होता का?’’



उन्हाळ्यात हितेनभाई स्वतः आला. सकाळी आक्का आणि डाहीबा स्वयंपाकघरात गप्पा मारत बसायच्या आणि त्याची आई काय म्हणते ते आक्का त्याला मोडक्या गुजरातीत सांगायची. आधी तो चिडायचा. नंतर स्वतःच विचारू लागला, ‘‘आता का हसली ती?’’

निघायच्या दिवशी तो टॅक्सीत बसला आणि त्याचे डोळे भरून आले. आक्का खिडकीशी वाकून, डाहीबांच्या दाराकडे हात करत म्हणाली, ‘‘घोर नको करू भाऊ, मी शे ना आठे.’’

त्याने मान हलवली. गाडी हायवेला लागल्यावर त्याने ड्रायव्हरला विचारलं, ‘‘ती काय म्हणाली?’’ ड्रायव्हर बिहारचा, गावातलाच भाडेकरू. त्यानेच नंतर आक्काला हे सांगितलं.

‘‘पता नहीं साहब,’’ तो म्हणाला होता, ‘‘आप के गाँव में सब ऐसे ही बोलते हैं।’’