पेट्रोलच्या नळीतली चीर
टू-स्ट्रोक ऑइलचा जळका वास आला की मला मालेगावजवळचं ते धरण आठवतं. गॅरेजमधल्या माझ्या भागीदाराने भंगारातून आणलेली, उभ्याने चालवायची जेट-स्की वर्षभर खपून पुन्हा उभी केली होती, पण इंजिन पाच मिनिटांत बंद पडायचं आणि त्याला कारण सापडत नव्हतं. तो जेवायला गेला असताना मला ते सापडलं. पेट्रोलच्या नळीला टाकीखाली बारीक चीर होती, तिच्यातून हवा ओढली जायची. मी बोललो नाही, कारण गिऱ्हाइकांसमोर तो माझ्याबद्दल म्हणाला होता, "याले फक्त पंक्चर काढता येते." नवा प्लग टाकल्यावर आता चालेल असं त्याला वाटलं, आणि रविवारी त्याची बायको, सासरे, अर्धं गाव धरणाच्या काठावर जमलं. तो पाण्यावर ताठ उभा राहिला, त्याने एक सुंदर वळण घेतलं आणि मधोमध मशीन बंद पडलं. लोक शिट्ट्या मारून हसले, सासरेही हसले. मशीन ढकलत, पोहत तो काठाला आला आणि धापा टाकत त्याने मला विचारलं, "काहून बंद पडते रे, तुले काही समजलं का?" मी म्हणालो, "नाई ना भाऊ." दुसऱ्या दिवशी त्याने ती जेट-स्की घणाने फोडली, हलू नये म्हणून मीच धरून ठेवली होती. आता तो शेलूबाजारला जीप चालवतो, आणि भेटला की दरवेळी सांगतो, "त्या दिवशी एक तूच हासला नव्हता."