विहिरीच्या जागेवरचं रीडिंग

या सदरातले गूढ अनुभव वाचून मी आजवर हसतच आलोय. बायको म्हणायची, "एवढं हसू नका, स्वतःवर वेळ आली म्हणजे कळेल." मी सिव्हिल इंजिनिअर... मशीनमधून दिसतं आणि वहीत लिहिलं जातं, तेवढंच खरं मानणारा माणूस. गंमत म्हणजे जे झालं ते मशीनमधूनच दिसलं आणि वहीतच लिहिलं गेलं.

जालना जिल्ह्यात, टेंभुर्णीपासून अर्ध्या तासावर, सरकारी अनुदानातून एका छोट्या विमानतळाचं काम चालू होतं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. धावपट्टी झाली, कुंपण झालं, मार्च उजाडला आणि प्रकल्प बंद करायची घाई सुरू झाली. काम पूर्ण झाल्याचा दाखला गेला की अनुदानाची फाईल बंद. त्या दाखल्यावर पहिली सही माझी.

धावपट्टीच्या कडेला मातीचा पट्टा असतो. तिथे पूर्वी एक विहीर होती, ती ठेकेदाराने बुजवली होती. लेव्हल घेताना स्टाफ — म्हणजे उंच मोजपट्टी — धरायला आमच्याकडे टेंभुर्णीचे किसनमामा होते. ते मला दोनदा म्हणाले, "साहेब, हिर बराबर भरली न्हाई. खाली झाडाची खोडं टाकून वरून मुरूम लोटलाय. विमान घसरून तिथं आलं मंग?" मी म्हणालो, "बघू मामा." ठेकेदाराचे कागद व्यवस्थित होते ना! दिवाळीनंतर मामा छातीच्या दुखण्याने गेले. मी मातीला गेलो होतो.

मार्चमधली शेवटची मोजणी, भर दुपार. मामांच्या जागी गणपतराव नावाचे नवे गृहस्थ आले होते. मी मशीनला डोळा लावला. दुर्बिणीतून माणूस दिसत नाही, फक्त स्टाफ आणि धरणाऱ्याची बोटं. विहिरीच्या जागेवर स्टाफ उभा होता... आणि हळूहळू मागे-पुढे डोलत होता. ही जुनी पद्धत. डोलवताना सगळ्यात लहान आकडा दिसतो तो खरा, कारण तेव्हा स्टाफ अगदी सरळ असतो. हल्ली कुणी एवढे कष्ट घेत नाही, मामा मात्र प्रत्येक ठिकाणी घ्यायचे. मला वाटलं, वा, गणपतराव जाणकार दिसतात. आकडा लिहिला. नकाशाप्रमाणे यायला हवा त्यापेक्षा नऊ सेंटिमीटर जास्त — म्हणजे जमीन तेवढी खचलेली.

मान वर केली तर तिथे कुणीच नव्हतं. गणपतराव टँकरपाशी पाणी पीत होते, स्टाफ त्यांच्या खांद्यावर.

"तिकडं अजून गेलोच न्हाई साहेब," ते म्हणाले. "आता जाऊन राह्यलो."

ते गेले, स्टाफ उभा केला, न डोलवता. आकडा नकाशाप्रमाणे. जमीन सपाट. पाच वेळा बघितलं.

आता काय करायचं? दुसरा आकडा धरला तर सही करून मोकळा. पहिला धरला तर तयार काम उकरायचं, मुदत टळणार, आणि माझ्या वरच्या साहेबांनी कारण विचारलं तर सांगणार काय? त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सकाळी जेसीबी बोलावला आणि कारण लिहिलं, "शंका आल्यामुळे." साहेब फोनवर जे बोलले ते इथे छापता येणार नाही.

जेसीबी दोन फूट खाली गेला आणि माती आत ढासळली. खाली पोकळी, कुजलेली खोडं. वरचा थर तेवढा टणक. एक पावसाळा टिकला असता, फार तर. विहीर पुन्हा भरून घेतली, थराथराने दाबून, आणि मगच सही केली.

ऊन, थकवा, मनातली बोच... सगळी कारणं लावून पाहिली. थकलेला माणूस आकडा चुकीचा वाचेल, पण मोकळ्या रानात स्टाफ कसा डोलेल? आणि जमीन सपाट असताना ते नऊ सेंटिमीटर आले कुठून? मला आजही सांगता येत नाही.

नंतर टेंभुर्णीला मामींकडे गेलो. "मामा म्हणत होते ती विहीर उकरून पुन्हा भरली," एवढंच सांगितलं. कसं, का, त्यांनी विचारलं नाही.

"हे म्हणायचे, साहेब ऐकतो. जरा उशिरा ऐकतो, एवढंच," म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी ओसरीवर बसून रडलो.