दहावीपर्यंतचं कथक

नांदेडला तरोडा नाक्याच्या आतल्या बाजूला, स्टेशनरीच्या एका दुकानाच्या वर भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये मी गेली पंधरा वर्षं कथक शिकवते. मुली साधारण दुसरी-तिसरीत येतात आणि आठवीची परीक्षा झाली की जातात. भांडून कुणी जात नाही. आई पेढे घेऊन येते, आता नववी-दहावी आहे, नंतर बघू म्हणते. घुंगरू बांधल्यावर जिला धड चालता येत नव्हतं तिला पाच वर्षं पायांचा तत्कार करून करून उभी केलेली असते, आणि जूनमध्ये तिच्या जागी नुसती भिंत दिसते. पहिली काही वर्षं मला ते फार लागायचं. मग मी मुलींमध्ये जीव गुंतवायचं कमी केलं.

घरी आम्ही दोघंच. नवऱ्याची नोकरी बदलीची. त्या वर्षांत तो चंद्रपूरला होता, महिन्यातून एकदा यायचा. संध्याकाळी शेवटची मुलगी आईच्या स्कूटीवर बसून गेली की दुसऱ्या दिवशी दूधवाला येईपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नसे. टीव्ही लावून ठेवायचे, बघायचे नाही.

ही मुलगी आली ती आठवीत असताना, म्हणजे बाकीच्या जायच्या वेळेला. नायगावची. वडील एसटीत कंडक्टर. खाकी कपड्यातच ते तिला घेऊन जिना चढून आले होते. जयंतीच्या मिरवणुकीत पोरगी लई नाचते, लोक थांबून बघतात, म्हणून जरा रीतसर शिकू द्यावं असं त्यांच्या मनात होतं. रविवारी त्यांची नांदेडची फेरी असायची. दहाला आणून सोडतो आणि एकला नेतो, असं ठरलं.

रविवारची बॅच अकराची. त्यामुळे तासभर आम्ही दोघीच असायचो. ती मिरवणुकीत नाचलेली होती; पायात ताकद होती आणि ताल पक्का होता, पण हात काठीसारखे. मी हात धरून वळवायचे, ती दात-ओठ खाऊन परत परत करायची. बोल एकदा सांगितले की तिच्या तोंडात बसायचे. मी रविवारी जास्तीचे पोहे करून डब्यात न्यायला लागले. ती फारसं बोलत नसे. तरी माझ्या आठवड्यात वाट बघण्यासारखा एक दिवस आला होता, आणि हे मी कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

नववी गेली, दहावी गेली, ती येत राहिली. कथकच्या प्रवेशिकेची परीक्षा दिली. परीक्षक बाईंनी ही कुणाकडे शिकते म्हणून मुद्दाम विचारलं. दहावीलाही तिला चांगले मार्क पडले, आणि जून महिन्यातल्या एका रविवारी वडील खाकी न घालता, पांढऱ्या शर्टात आले. बॅच सुटली होती. ती कोपऱ्यात बसून घुंगरू सोडत होती.

ते म्हणाले, "मॅडम, समदे म्हणून राहिले, लातूरला टाका, डॉक्टर होईल. हिला न्हाई जायचं. कॉलेज नांदेडलाबी हाय, ते काय मोठं न्हाई. तुम्ही तिला दर हप्त्याला बघता. तुम्ही सांगा, हिच्या नाचण्यात काही हाय का? असंल तर मी इथंच ठेवतो."

मला उत्तर माहीत होतं. आजपर्यंत असे पाय मी दुसरे पाहिले नाहीत. पण तोंड उघडलं आणि मला भीती वाटली. उद्या कुठेच काही झालं नाही तर ते माझ्या डोक्यावर येईल, ही एक भीती. दुसरी जास्त वाईट होती. मी हे तिच्यासाठी बोलणार की माझ्या रविवारासाठी, हेच मला कळेना.

"तुम्ही वडील आहात," मी म्हणाले. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

"हाव, बरोबर हाय," म्हणून ते उठले. तिने घुंगरांची दोरी गुंडाळली, माझ्या पाया पडली आणि त्यांच्या मागे जिना उतरली. वर पाहिलं नाही.

तिला लातूरलाच टाकलं. दिवाळीनंतर मी तिला भेटायला गेले. लोहा, अहमदपूर करत गाडी जाते, साडेतीन-चार तास लागतात. मैत्रिणीकडे जातेय असं नवऱ्याला फोनवर सांगितलं होतं. होस्टेलच्या रेक्टर बाई नातेवाइकांशिवाय कुणाला भेटू देत नव्हत्या. रजिस्टरमध्ये नात्याच्या रकान्यात मी 'मावशी' लिहिलं.

ती खाली आली. केस कापून टाकले होते. धुवायला वेळ जातो म्हणाली. वाळली होती. टेस्ट, रँक, मेसचं जेवण असं सगळं तिने सांगितलं. मी रियाजाचं विचारलं. पाय वाजले की खालच्या खोलीतल्या मुली तक्रार करायच्या, म्हणून काही दिवस कॉटवर बसून नुसत्या हातांनी करायची. आता तेही सोडलं होतं.

मग ती म्हणाली, "मॅडम, बाबांनी विचारलं तेव्हा तुम्ही काहीच बोलला न्हाईत. माझ्यात काही नव्हतं का?"

"होतं," मी म्हणाले. "खूप होतं."

"मग म्हणायचं होतं ना."

आवाजात राग नव्हता. लातूरला कदाचित आलेच असते, ती म्हणाली, पण मला कळलं तर असतं. मी तिच्या वडिलांशी आता बोलू का, असं विचारलं. तिने मान हलवली. आता नको, बॅच चांगली मिळालीय. भेटीचा अर्धा तास संपल्याचं सांगायला रेक्टर बाई आल्या. मी नेलेला चिवडा तिने घेतला आणि वर गेली. परतीच्या गाडीत शेजारच्या रिकाम्या सीटवर माझी पिशवी होती. अहमदपूरला एक बाई बसायला आल्या तर मी पिशवी उचलायचीही विसरले. त्यांनीच ती उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

तिला मेडिकल मिळालं नाही. नर्सिंगला गेली, आता पुण्यात एका दवाखान्यात असते. वडील रिटायर झाले. मागच्या वर्षी नांदेडच्या स्टँडवर भेटले, त्यांनी कौतुकाने तिचा नंबर दिला. मी फोन केला तेव्हा ती ड्यूटीवर होती. आवाज लगेच ओळखला तिने. नंतर बोलते मॅडम, म्हणाली. त्याला आठ महिने झाले. मी परत केलेला नाही.

आता कुणाची आई पेढे घेऊन आली की मी तिला बसवते, मुलीलाही समोर बसवते, आणि तिच्यात काय आहे, काय नाही ते सांगते. आयांना ते विचित्र वाटतं. यंदा मार्चमध्ये एका मुलीबद्दल मी बराच वेळ बोलले. आईने सगळं नीट ऐकून घेतलं, खरं आहे म्हणाली. मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. जूनपासून तीही येत नाही.