अमावास्येच्या सुटीतला अल्बम

नागेंद्र अमावास्येला स्मशानात जाऊन गाणी रेकॉर्ड करतो, ही बातमी शहापुरात आली ती थेट परदेशातनं. त्याच्या 'सुटी' या रॉक अल्बमचं प्रत्येक गाणं अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीच इंटरनेटवर चढतं, हे तिकडच्या कुणा भक्तानं हेरलं. मग काय! कवट्या काय, काळी मांजरं काय, लोकांनी चित्रं काढून काढून पाठवली.

खरं एवढंच, की अमावास्येला आमच्या विणकरांच्या गल्लीत माग बंद असतात. एरवी गल्लीभर खटक-खट, खटक-खट. त्यात गाणं कुठलं रेकॉर्ड व्हायला? त्या एका दिवशी नागेंद्र शेडच्या खिडकीला गादी लावायचा, त्याचा दोस्त सौरव उसनं गिटार जुळवायचा, मोबाईल सुताच्या पेटीवर चढायचा आणि नागेंद्रची थोरली बहीण कल्याणीआक्का गायची. मागांच्या खडखडाटात वाढल्यानं नागेंद्र साधं "चा घेणार व्हय रंऽ?" हेसुद्धा पलीकडं खासबागेच्या वस्तीत ऐकू जाईल असं विचारतो. अमावास्येला मात्र तोच कुजबुजायचा. उन्हाच्या तिरपीत कापसाची तुसं तरंगत राहायची. आक्काचा आवाजही तसाच, खाली बसायचं नाव घेत नसे.

शेवटचं गाणं राहिलं आणि आक्काचं लग्न ठरलं, संकेश्वरला. पुढच्या अमावास्येआधी ती सासरी. ह्या अमावास्येला गाणं झालं तर झालं, नाहीतर आक्काशिवाय.

गादी लावली, गिटार जुळलं, आणि समोरनं खटक-खट! रुक्माबाईंचा माग. अमावास्येला!

नागेंद्र धावला.

"मावशी, आज माग?"

"मग काय नाचू?"

"आज बंद असतोय न्हवं?"

"असतोय की. देवाला हात जोडूनच बसलेय. तुझ्या आक्काचा शालू हाय ह्यो. आज उतरला न्हाय तर पोरीला काय नेसवणार, तुझी गादी? बोल, करू बंद?"

मोरपंखी शालू पदरापर्यंत आला होता. नागेंद्र परतला आणि त्यानं खिडकीची गादीच काढून टाकली.

प्रस्तुत लेखक दारात बसून होता. त्यानं हुबेहूब रुक्माबाईंच्या सुरात जाहीर केलं, "ह्ये गाणं कुत्रंबी ऐकायचं न्हाय!"

"लाव पैज," नागेंद्र म्हणाला. "हरलास तर महिनाभर कुणाची नक्कल करायची न्हाय."

लावली.

आक्कानं डोळे मिटले. पाळण्यात असल्यापासनं ती मागाच्या ह्याच आवाजात झोपलेली. तिची ओळ अलगद त्याच्यावर जाऊन बसली. मधेच सुताची संपलेली कांडी बदलायला माग थांबला, तशी आक्काही थांबली. माग निघाला, तीही निघाली.

आज अल्बममधलं तेच गाणं लोक पुन्हा पुन्हा लावतात. कुणी बोटीवर रात्रपाळीला, कुणी बर्फात गाडी हाकताना. "हा ड्रमर कोण?" असं सगळे विचारतात. नागेंद्र लिहितो, "रुक्माबाई." आता चित्रांत कवट्यांच्या जागी रुक्माबाई असतात, आठ हातांच्या.

संकेश्वरहून आक्काचा फोन येतो, "हितं लई शांत हाय रं, झोपच येत न्हाय. गाणं लावते, मग लागते."

प्रस्तुत लेखकाचा नक्कलबंदीचा महिना अजून सरायचाय. तोवर नागेंद्र मुद्दाम त्याच्यासमोर येऊन उभा राहतो, छाती भरून घेतो आणि विचारतो, "चा घेणार व्हय रंऽऽ?"